डोळ्याला सरळ, कानाला उलटं

‘वर्धा’ हा शब्द कृतिदेव फॉन्टमध्ये टाइप केला की संगणकात जे साठतं ते असं: इंग्रजीतला धाकटा ओ, एक तिरकी रेघ, दोन धाकटे के आणि शेवटी थोरला झेड. पडद्यावर मात्र स्वच्छ ‘वर्धा’ दिसतं. या फॉन्टमध्ये ओच्या जागी व-चं चित्र बसवलेलं आहे, तिरकी रेघ आणि पहिला के मिळून ध होतो, दुसरा के म्हणजे काना आणि झेड म्हणजे रफार. डोळस वाचकाला यात काहीच खटकत नाही. ज्याला दिसत नाही तो वाचक स्क्रीन रीडर वापरतो, म्हणजे पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणारं सॉफ्टवेअर. त्या सॉफ्टवेअरला फॉन्टमधली चित्रं कळत नाहीत, साठवलेली अक्षरं तेवढी कळतात. ते जिल्ह्याचं नाव ‘ओ, स्लॅश, के, के, झेड’ असं काहीतरी म्हणून पुढे सरकतं, आणि तीन पानांची सूचना असेल तर ती सगळी याच भाषेत ऐकवतं.

इथे अक्षरं खोटी आहेतच, त्यांचा क्रमही खोटा आहे. रफार ध-च्या डोक्यावर दिसतो, कान्याच्याही पलीकडे झुकतो, म्हणून तो सर्वांत शेवटी टाइप होतो. बोलताना मात्र र हा ध-च्या आधी येतो. रेमिंग्टन टाइपरायटरवर हात बसलेली माणसं अक्षरं जशी दिसतात तशी ठोकतात. ‘जिल्हा’ लिहायचं तर आधी वेलांटी, मग ज. टाइपरायटरवर हे बरोबरच होतं, कारण तिथे कागदावर उमटलं की काम संपलं. संगणकात मजकूर उमटतो आणि साठतोही, आणि साठलेला मजकूर पुढे शोधायला, क्रम लावायला, दुसरीकडे चिकटवायला, ऐकायला, ब्रेलमध्ये उतरवायला वापरला जातो. युनिकोड या जगभरच्या लिप्यांच्या संकेतप्रणालीनं म्हणून उच्चाराचा क्रम धरला. ‘वर्धा’ म्हणजे व, र, पायमोड, ध, काना. ‘जिल्हा’ म्हणजे ज, वेलांटी, ल, पायमोड, ह, काना. वेलांटी उचलून ज-च्या डावीकडे काढायची आणि रफार पुढच्या अक्षरावर चढवायचा, हे काम फॉन्टचं.

देवनागरी युनिकोडच्या 1991 सालच्या पहिल्या आवृत्तीपासून आहे. विंडोज 2000 आल्यावर ती विंडोजच्या संगणकांपर्यंत पोहोचली. तरी जुन्या फॉन्टमधला मजकूर अजून हटलेला नाही. टायपिंगच्या परीक्षा, जुन्या फाइली, ‘मागच्या वर्षीचंच पत्र काढ आणि तारीख बदल’ ही कचेरीची रीत, या सगळ्यांनी त्याला आसरा दिला आहे.

मजकूर कुठल्या क्रमानं साठला आहे, हे बघण्याची एक चाचणी कुणालाही करता येते. कुठल्याही मराठी पीडीएफमधल्या चार ओळी निवडा, कॉपी करा आणि नोटपॅडमध्ये चिकटवा. मजकूर जसाच्या तसा आला तर उत्तम. इंग्रजी अक्षरांचा कचरा आला तर फॉन्ट जुना आहे. काहीच निवडता आलं नाही तर ती पीडीएफ म्हणजे कागदाचा फोटो आहे. चौथी शक्यता जास्त फसवी. अक्षरं देवनागरीच येतात, पण जोडाक्षरं गळालेली असतात आणि पहिली वेलांटी अक्षर सोडून एका ठिपक्याठिपक्यांच्या गोलावर जाऊन बसलेली असते. तो गोल म्हणजे संगणकाची तक्रार असते: वेलांटी मिळाली, ती कुणाला द्यायची ते मिळालं नाही. फाइल युनिकोडमध्येच टाइप केलेली असली तरी असं होतं, कारण पीडीएफ मूळची छपाईसाठी घडवलेली आहे. कुठलं चित्र पानावर कुठे उमटवायचं, एवढंच तिला नीट ठाऊक असतं. त्या चित्रांमागचा मजकूर कोणता याची नोंद फाइल बनवताना वेगळी ठेवावी लागते. ‘प्रिंट टू पीडीएफ’ केलं की ती नोंद अनेकदा तुटते. वर्ड किंवा लिब्रेऑफिसमधून टॅग ठेवून पीडीएफ ‘एक्सपोर्ट’ केली की बरीचशी शाबूत राहते. एका बटणाचा हा फरक आहे.

पहिल्या वेलांटीशी वर्ध्याचं जुनं भांडण आहे. 1936 साली इथे राष्ट्रभाषा प्रचार समिती स्थापन झाली. तिच्या प्रकाशनांत इ, ई, उ, ऊ यांऐवजी अि, अी, अु, अू अशी रूपं छापली जात. या अ-च्या बाराखडीचे मोठे पुरस्कर्ते होते काका कालेलकर, आणि सावरकरांनीही वेगळ्या वाटेनं तिचाच आग्रह धरला होता. खिळे कमी लागावेत, टाइपरायटरवर लिपी मावावी, हा उद्देश. 1953 मध्ये लखनौला भरलेल्या लिपीसुधार परिषदेनं त्याच्याही पुढे जाऊन पहिली वेलांटी उचलून अक्षराच्या उजवीकडे आणायची शिफारस केली. उच्चारात व्यंजन आधी आणि स्वर नंतर, मग लिहितानाही तसंच का नको, असा रोकडा विचार त्यामागे होता. लोकांच्या डोळ्यांना ते पटलं नाही आणि शिफारस मागे घ्यावी लागली. या सुधारकांची आज थोडी थट्टा होते, ती मला अनाठायी वाटते. लिहिण्याचा आणि बोलण्याचा क्रम जुळत नाही आणि यंत्र तिथेच अडखळतं, हे त्यांनी अचूक हेरलं होतं. त्यांच्या काळात उपाय एकच होता, लिपी बदलणं. साठवण्याचा क्रम एक आणि दाखवण्याचा दुसरा ठेवता येईल, ही सोय खिळ्यांच्या छापखान्यात नव्हतीच.

वर्ध्यानं याहून मोठा पेचही हाताळला होता. ऑक्टोबर 1937 मध्ये इथे शिक्षण परिषद भरली आणि डॉ. झाकिर हुसेन यांच्या अध्यक्षतेखाली नई तालीमचा, म्हणजे हस्तोद्योगातून द्यायच्या शिक्षणाचा, आराखडा करणारी समिती नेमली गेली. हिंदुस्तानी बोलणाऱ्या प्रदेशांत विद्यार्थ्यांना आणि शिक्षकांना नागरी व उर्दू अशा दोन्ही लिप्या याव्यात, असं त्या आराखड्यात होतं. मे 1942 मध्ये गांधीजींनी वर्ध्यातच हिंदुस्तानी प्रचार सभा सुरू केली, तीही दोन्ही लिप्यांचा आग्रह धरून. 1945 मध्ये याच मुद्द्यावर हिंदी साहित्य संमेलनाचे नेते पुरुषोत्तमदास टंडन यांच्याशी त्यांचा पत्रव्यवहार झाला आणि गांधीजी त्या संमेलनातून बाहेर पडले. एकाच गावात एक संस्था नागरीची आणि दुसरी दोन्ही लिप्यांची, अशी ती काही वर्षं होती. राजकारणाचा तो भाग बाजूला ठेवून निव्वळ छपाईच्या अंगानं बघितलं, तरी ते काम सोपं नव्हतं. नागरी डावीकडून उजवीकडे जाते, उर्दू उजवीकडून डावीकडे. नागरी पुस्तकाचं जिथे मलपृष्ठ तिथे उर्दू पुस्तकाचं मुखपृष्ठ. दोन्ही लिप्यांची एकच पुस्तिका काढायची तर ती दोन्ही टोकांकडून उघडते आणि मजकूर मध्यावर भेटतो. एका ओळीत दोन्ही लिप्या आल्या तर कुठला तुकडा कुठून जुळवायचा, हे जुळाऱ्याला डोक्यात ठेवावं लागे. माणूस असल्यामुळे त्याला ते कळायचं. वाक्य काय सांगतं आहे, हे त्याला समजत होतं.

तो जुळारी आता नाही. त्याच्या जागी युनिकोडचा एक लांबलचक नियमसंच आहे, दुहेरी दिशेचा अल्गोरिदम. वाक्याचा अर्थ न कळता त्याला जुळाऱ्याचं काम करायचं असतं. फोनमध्ये, ब्राउझरमध्ये, जिथे उर्दू, अरबी किंवा हिब्रू दिसते तिथे तो पडद्यामागे चालू असतो. मजकूर बोलण्याच्या क्रमानंच साठवायचा, दाखवताना दिशा ठरवायची, हे त्याचं मूळ सूत्र. त्यासाठी प्रत्येक चिन्हाला त्यानं एक स्वभाव दिला आहे. क, ख, ग किंवा इंग्रजी ए, बी, सी ही डावीकडून जाणारी ठाम अक्षरं. अलिफ, बे ही उजवीकडून जाणारी ठाम अक्षरं. आकडे नरम. कंस, मोकळी जागा, उद्गारचिन्ह तटस्थ, म्हणजे शेजारी जिकडे जातील तिकडे जाणारी. डावीकडून चालणाऱ्या मराठी पानावर उर्दू वाक्य टाकलं आणि शेवटी इंग्रजी टिंब दिलं, की ते टिंब वाक्याच्या उजव्या टोकाला, म्हणजे उर्दू वाचकाच्या दृष्टीनं वाक्याच्या आरंभी जाऊन बसतं. उर्दूचा स्वतःचा पूर्णविराम, ती आडवी छोटी रेघ, ठाम गटात आहे, त्यामुळे तो जागा सोडत नाही. परिच्छेदात उलटी दिशा राहून गेली आहे का, हे ओळखायला ते भरकटलेलं टिंब पुरतं.

आकड्यांचा मामला जास्त रंजक आहे. उर्दू उजवीकडून डावीकडे जात असली तरी तिच्यातली संख्या आपल्यासारखीच डावीकडून उजवीकडे लिहितात. वर्ध्याचा पिनकोड 442001 उर्दू पत्त्यातही 442001 असाच. गोंधळ सुरू होतो तो संख्येत आडवी रेघ आली की. हिंगणघाटच्या बाजारातला कापसाचा भाव समजा ‘7000-7500’ असा मराठीत लिहिला आहे. हाच तुकडा उर्दू वाक्यात टाकला की पडद्यावर ‘7500-7000’ दिसतो. अल्गोरिदमच्या हिशेबात उर्दू अक्षरांमागून आलेल्या दोन संख्यांमधली आडवी रेघ तटस्थ ठरते, ती उर्दूची दिशा घेते आणि पहिली संख्या उजवीकडे जाते. चूक वाटते, पण चूक नाही. उर्दू वाचक उजवीकडून येतो, त्याला आधी 7000 भेटतात आणि मग 7500. किमान आधी, कमाल नंतर, व्यवस्थित.

आता त्याच वाक्यात वर्ध्याच्या बाजार समितीचा फोन लिहा. 07152 हा वर्ध्याचा एसटीडी कोड, आडवी रेघ, पुढे सहा आकडे. नियम तोच, त्यामुळे सहा आकडे डावीकडे आणि 07152 उजवीकडे. फोन नंबर मात्र उर्दू वाचकही डावीकडून सलग वाचतो, सलगच फिरवतो. भावाच्या बाबतीत जे बरोबर ठरलं तेच इथे चुकलं. भाव कुठला आणि फोन कुठला, हे अल्गोरिदमला कळायला वाव नाही. तारखेचं तर विचारूच नका. 05-06-24 अशी आडव्या रेघांची तारीख उर्दूत 24-06-05 दिसते, आणि 05/06/24 अशी तिरक्या रेघांची तारीख जशीच्या तशी राहते, कारण तिरकी रेघ संख्येचाच भाग मानली आहे. एकाच पानावर दोन कारकुनांनी दोन सवयींनी तारखा टाकल्या, तर अर्जाची मुदत कधी संपते यावर पैज लावता येईल.

मौज म्हणजे देवनागरी आकड्यांना हा रोग नाही. युनिकोडनं ०, १, २ यांना नरम न मानता क-ख-ग-सारखं ठाम मानलं आहे. ०५-०६-२४ उर्दू वाक्यात कुठेही टाका, ते सरळच राहतं. संविधानाच्या 343 व्या अनुच्छेदानं संघाच्या कामकाजासाठी लिपी देवनागरी दिली आणि आकडे मात्र आंतरराष्ट्रीय रूपातले. त्या निर्णयाचा हा एक परिणाम कुणाच्या मनातही नसणार.

खरी इजा होते ती पुढे, दुरुस्तीत. टायपिस्टला पडद्यावर फोन नंबर उलटा दिसतो. तो वैतागतो आणि सहा आकडे आधी, 07152 नंतर असं टाइप करतो. आता पडद्यावर नंबर अगदी सरळ दिसतो. साहेब बघतात, पान मंजूर होतं. साठवलेला मजकूर मात्र आता खरोखरच उलटा आहे. स्क्रीन रीडर साठवलेल्या क्रमानं वाचतो, म्हणून ऐकणाऱ्याला आधी सहा आकडे आणि मग कोड ऐकू येतो. कुणी तो नंबर कॉपी केला तरी तोच घोळ. दुरुस्तीआधी परिस्थिती नेमकी उलटी होती, बघणाऱ्याला चूक दिसत होती आणि ऐकणाऱ्याला नंबर बरोबर मिळत होता. डोळ्याची सोय करताना कानाची गैरसोय झाली, आणि तपासणारे सगळे डोळस असल्यामुळे ती कुणाच्या लक्षातही आली नाही.

खरी दुरुस्ती सोपी आहे. वेबपानं ज्यात लिहितात त्या एचटीएमएलमध्ये ‘डिर’ नावाचा दिशेचा गुणधर्म असतो. सबंध उर्दू पानाला किंवा परिच्छेदाला ‘आरटीएल’ (उजवीकडून डावीकडे) द्यायचं आणि फोन नंबरभोवती छोटं वेष्टण घालून त्याला ‘एलटीआर’ (डावीकडून उजवीकडे) द्यायचं. अक्षरं बोलण्याच्या क्रमानंच ठेवायची. यादीत माणसांची नावं येत असतील, काही उर्दूत, काही मराठीत, आणि कुठलं नाव कुठल्या लिपीत येणार हे आधी माहीत नसेल, तर ‘बीडीआय’ हा टॅग आहे. तो नावाला चार भिंती घालतो, म्हणजे नावाची दिशा शेजारच्या अनुक्रमांकाला ओढत नाही. युनिकोडमध्ये ही भिंतीची सोय 2013 साली आली, त्याआधीची अदृश्य दिशाचिन्हं शेजारच्या मजकुरावरही परिणाम करत. भावासाठी आणखी सोपा मार्ग आहे. आडवी रेघ टाळून ‘7000 से 7500 तक’ असं शब्दांत लिहिलं की वादच मिटतो, आणि स्क्रीन रीडरही ‘वजा’ किंवा ‘डॅश’ न म्हणता नीट वाचतो.

इथे एक गैरसमज फार आढळतो. पानाची भाषा उर्दू सांगितली म्हणजे दिशा आपोआप बदलेल, असं अनेक वेब डेव्हलपर धरून चालतात. बदलत नाही. भाषा आणि दिशा या दोन वेगळ्या खुणा आहेत आणि दोन्ही द्याव्या लागतात. दिशेची खूण डोळ्यासाठी, भाषेची खूण कानासाठी. स्क्रीन रीडर भाषेच्या खुणेवरून आवाज निवडतो. उर्दूची लिपी निराळी असल्यामुळे तिथे यंत्र निदान अंदाज तरी करू शकतं. मराठी आणि हिंदीची लिपी एकच, त्यामुळे वर्ध्यासारख्या ठिकाणी पंचाईत जास्त. इथे राष्ट्रभाषा प्रचार समिती आहे, 1997 पासून महात्मा गांधी आंतरराष्ट्रीय हिंदी विश्वविद्यालय आहे, आणि गावात मराठी-हिंदी एका वाक्यात नांदतात. मराठी पानावर हिंदीची खूण राहून गेली की मजकूर हिंदी आवाजात येतो. शब्द कळतात, पण ‘42 अर्ज’ हे ‘बेचाळीस’ ऐवजी ‘बयालीस’ ऐकू येतं. खूण इंग्रजीची असेल तर काही यंत्रणा देवनागरी सरळ गाळूनच पुढे जातात. वेबसाइटचे तयार साचे बहुतेक इंग्रजीत बनलेले असल्यामुळे ही चूक सगळ्यात सर्रास सापडते. दुरुस्तीला दोन अक्षरं पुरतात.

ओळीच्या पातळीवर जे घडतं तेच सबंध पानाच्या पातळीवर घडतं. गोपुरीचं गीताई मंदिर ज्यांनी बघितलं आहे त्यांना हे चटकन कळेल. तिथे छप्पर नाही, मूर्ती नाही. विनोबांच्या ‘गीताई’चे अठराही अध्याय ग्रॅनाइटच्या शिळांवर कोरून उभे केले आहेत. उंचावरून फोटो काढला तर सगळा आकार एका नजरेत येतो. पायी चालणाऱ्याला मात्र एका वेळी एकच शिळा भेटते, आणि त्याचा अध्याय चालण्याच्या वाटेवरून ठरतो. डोळस माणूस वेबपान फोटोसारखं बघतो, स्क्रीन रीडर वापरणारा ते चालत जातो. त्याची वाट म्हणजे पानाच्या कोडमध्ये मजकूर कुठल्या क्रमानं लिहिला आहे, ती. डावीकडे मराठी आणि उजवीकडे उर्दू अशी दोन रकान्यांची सूचना जर रांगांमध्ये तुकडे पाडून लिहिली असेल, तर ऐकणाऱ्याला मराठीची एक ओळ, उर्दूची एक ओळ, पुन्हा मराठीची एक ओळ, अशी भेळ मिळते. पडद्यावर दोन्ही रकाने देखणे दिसत असतात.

उर्दू पान बनवताना डेव्हलपर दुसरी एक पळवाट काढतो. पानाला ‘आरटीएल’ न देता तो सजावटीच्या कोडमधून, फ्लेक्सबॉक्सची ‘रो-रिव्हर्स’ ही सोय वापरून, मेन्यूची बटणं फक्त दिसायला उलटी लावतो. मुखपृष्ठ, योजना, संपर्क ही बटणं उजवीकडून डावीकडे दिसू लागतात. पण पूर्ण पानाची दिशा डावीकडूनचीच राहिल्यामुळे पुढचे सगळे हिशेब चुकतात: मजकूर डाव्या कडेला चिकटतो, कंस उलटतात. मग ते निस्तरायला आणखी ठिगळं लागतात, आणि एखाद्या ठिगळात टॅब दाबल्यावर लक्ष एका बाजूला आणि पानाचा ओघ दुसऱ्या बाजूला अशी गत होते. डावं-उजवं असे शब्द कोडमध्ये न वापरता ‘आरंभ’ आणि ‘शेवट’ वापरावेत, म्हणजे दिशा बदलली की समास आपोआप बाजू बदलतात, ही सीएसएसची, म्हणजे सजावटीच्या कोडची, आजची शिस्त याच अनुभवातून आली. चित्रचिन्हांना मात्र तारतम्य लागतं. ‘मागे’चा बाण उर्दूत उजवीकडे वळायला हवा. घड्याळ उलटं करायचं नसतं, आणि व्हिडिओ सुरू करण्याचा त्रिकोणही तसाच ठेवायचा असतो.

नस्तालीकविषयीही थोडं सांगायला हवं. उर्दू वाचकाला सवयीची असलेली ही लेखनशैली तिरपी उतरते. शब्द उजवीकडे वर सुरू होतो आणि डावीकडे खाली येतो. मराठीच्या मापानं ओळींतलं अंतर ठेवलं तर वरच्या ओळीचे नुक्ते खालच्या ओळीत शिरतात आणि बटणातला मजकूर डोक्यावर कापला जातो. अक्षर दुप्पट मोठं करून बघितल्याशिवाय हे कळत नाही, आणि अंधुक दिसणारा माणूस तर अक्षर मोठं करूनच वाचतो.

हे सगळं तपासायचं कसं? आपोआप तपासणारी साधनं आहेत आणि ती वापरावीतच. पानाला भाषेची खूण आहे का, चित्राला पर्यायी मजकूर आहे का, रंगांत पुरेसा फरक आहे का, हे ती क्षणात सांगतात. पण क्रम अर्थपूर्ण आहे का, हे ती सांगू शकत नाहीत, कारण त्यासाठी अर्थ कळावा लागतो. फोन नंबर उलटा साठवला आहे, हे कुठल्याही यंत्राला चूक वाटत नाही, त्याच्या लेखी ते आकडेच. तपासनिसाकडे म्हणून एक मुद्दाम बनवलेली खट्याळ ओळ असावी: उर्दूत नाव, देवनागरीत गाव, कंसात पिनकोड, आडव्या रेघेचा फोन, रुपयाचं चिन्ह लावलेली रक्कम आणि शेवटी इंग्रजी उद्गारचिन्ह. अर्जाच्या प्रत्येक चौकटीत ती टाकायची आणि पुढच्या पानावर, पोचपावतीत, पीडीएफमध्ये, एसएमएसमध्ये ती कशी उतरते ते बघायचं. आधी बघायचं, मग पडदा बंद करून ऐकायचं.

ऐकण्याला पैसे पडत नाहीत. एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर 2006 साली ऑस्ट्रेलियात मायकेल करन या स्वतः दृष्टिहीन असलेल्या तरुणानं लिहायला घेतला. तो फुकट मिळतो, मराठीही वाचतो, आणि त्यात पडदा काळा करण्याची सोय आहे. डोळस तपासनिसासाठी ही सोय मोलाची, कारण दिसत असलं की कान आळशी होतात, ऐकू न आलेलं डोळे भरून काढतात. अँड्रॉइड फोनवर टॉकबॅक आधीपासून असतो, आणि खेड्यापाड्यांत वापर त्याचाच. पण दोनचार दिवस स्क्रीन रीडर शिकलेला डोळस माणूस आणि रोज त्यावर पोट असलेला माणूस यांच्या ऐकण्यात फरक पडतो. रोजचा वापरकर्ता इतक्या वेगात ऐकतो की नवख्याला ती भाषाच वाटत नाही, आणि क्रम कुठे तुटला ते त्याला पहिल्या फेरीत कळतं. तपासणीच्या कामावर अशा माणसाला पगार देऊन घ्यावं, सत्काराला बोलावून नव्हे.

कायद्याची बाजू एव्हाना पुरेशी पक्की झाली आहे. वेबच्या सुगम्यतेचे जागतिक निकष, डब्ल्यूसीएजी, यांत ‘अर्थपूर्ण क्रम’ ही अट अगदी तळाच्या, म्हणजे टाळताच न येणाऱ्या पातळीवर आहे. पानाच्या भाषेची खूणही त्याच पातळीवर. भारत सरकारच्या वेबसाइटसाठीची मार्गदर्शक तत्त्वं 2009 पासून आहेत आणि 2023 ची तिसरी आवृत्ती याच निकषांवर बेतलेली आहे. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याचं 42 वं कलम माहिती-तंत्रज्ञान सर्वांना वापरता येईल असं असावं म्हणतं. नोव्हेंबर 2024 मध्ये राजीव रतुरी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं सुगम्यतेचे नियम नुसते शिफारशीवजा ठेवता येणार नाहीत, ते बंधनकारक हवेत असं ठरवलं, आणि एप्रिल 2025 मध्ये प्रज्ञा प्रसून प्रकरणात डिजिटल सेवा मिळणं हे जगण्याच्या हक्कातच मोजलं. आता प्रश्न उरतो तो वेबसाइटच्या निविदेत काय लिहितात याचा. ‘संकेतस्थळ मराठी, हिंदी व उर्दूत असावं’ एवढंच लिहिलं तर कंत्राटदार तीन भाषांतरं चिकटवून मोकळा होतो. ‘तिन्ही भाषांतली पानं स्क्रीन रीडरवर ऐकून, कळफलकानं चालवून स्वीकारली जातील’ हे वाक्य घातलं की हिशेब बदलतो.

दिशेचा हा सगळा घोळ एका लिपीत मात्र मुळातच नाही. ब्रेलमध्ये मराठी डावीकडून उजवीकडे वाचतात आणि उर्दूही डावीकडूनच उजवीकडे. 1951 मध्ये ठरलेल्या भारती ब्रेलनं पहिली वेलांटीही व्यंजनाच्या नंतर ठेवली. लखनौच्या परिषदेला जे छापील नागरीत साधलं नाही ते बोटांच्या लिपीत दोन वर्षं आधीच रूढ झालं होतं. पाटी आणि टोच्यानं ब्रेल लिहिणारी मुलं तर दोन्ही दिशा रोज वापरतात. कागदाच्या मागच्या बाजूनं ठिपके टोचायचे म्हणून लिहायचं उजवीकडून डावीकडे, आणि कागद उलटून वाचायचं डावीकडून. संगणकाला जोडायची ब्रेल पट्टीही मिळते. तिच्यावरच्या बारीक खुंट्या वर-खाली होऊन ओळ उमटते, आणि ती साठवलेल्या क्रमानंच उमटते. तपासणीत ही पट्टी असली तर साहेबांनी मंजूर केलेल्या त्या पानावर आधी सहा आकडे बोटाला लागतात आणि 07152 त्यांच्या मागून येतो.